निरोगी व्यक्ती क्रमांक एक

माझ्या नवऱ्याला कारखान्यात सगळे मायक्रॉन म्हणतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, हे मला लग्नानंतर आठवड्याभरात कळलं, कारण यांनी माझाच एक केस उशीवरून उचलून कारखान्यात नेऊन मोजला होता. मी अडुसष्ट भरले. तेव्हा मला ते प्रेम वाटलं, आणि सव्वीस वर्षांनंतर आजही मी ते प्रेमच धरून चालले आहे.

त्या कारखान्यात मोठमोठ्या पंख्यांची पाती बनतात. फिरताना पातं किती थरथरतं ते मोजायचं काम यांच्याकडे, आणि तेही पात्याला हात न लावता. लांबून प्रकाशाचा एक ठिपका टाकायचा, तो कसा परत येतो ते सेन्सरने टिपायचं आणि थरथर कागदावर उतरवायची. "हात लावला की मोजमाप संपलं," हे यांचं ठाम मत. "मग तुम्ही पातं मोजत नाही, स्वतःचा हात मोजता."

हे मत पात्यांपुरतं राहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण हे मला कलिंगड वाजवून घेऊ देत नाहीत. मला ताप आला तर कपाळाला हात लावत नाहीत, दारातूनच थर्मामीटर पुढे करतात.

यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद, हिरड्यांची डॉक्टर आहे. दातांच्या कॉलेजला जोडून एक दवाखाना आहे, तिथे ती बावीस वर्षं लोकांचे दात हलवून बघते. मी तिला कौतुकाने डॉक्टरीणबाई म्हणते आणि रागावले तरी डॉक्टरीणबाईच म्हणते. कोणती ते तिला आवाजावरून कळतं.

एका रविवारी ती दुपारी जेवायला आली ती फणफणतच.

"एक पेशंट, त्याचा एक दात," तिने पर्स खुर्चीवर आपटली. "मी हलवून बघितला, म्हटलं दोन. माझ्या हाताखालची म्हणाली एक. मग आमचे विभागप्रमुख आले, त्यांनी हलवला आणि म्हणाले दीड. अगं वहिनी, दीड असा आकडाच नाहीये!"

मग तिने मला समजावून सांगितलं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक धाग्यांची गादी असते आणि त्या गादीवर तो किंचित डुलतो. निरोगी दातही डुलतो, पण इतका कमी की कळत नाही. हिरडी बिघडली, खालचं हाड झिजलं की डुलणं वाढतं. ते बघायला डॉक्टर आरशाच्या दोन दांड्यांमध्ये दात धरतात, पुढे-मागे ढकलतात आणि शून्य, एक, दोन, तीन यातला एक आकडा लिहितात. तीन म्हणजे दाताने निरोप घेतल्यात जमा.

"म्हणजे अंदाज," मायक्रॉन ताटातून मान वर न करता म्हणाले.

"अंदाज नाही, दादा. अनुभव."

"तेच ते. तीन माणसांचे तीन अनुभव. तू दात मोजत नाहीस, स्वतःचं बोट मोजतेस."

डॉक्टरीणबाईंनी चमचा खाली ठेवला. मला वाटलं आता भांडण. पण ती भावाकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "मग तू मोजून दाखव. हात न लावता."

यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

पुढचे पाच महिने यांनी कारखान्याची परवानगी काढून प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात यंत्र जुळवलं. चष्म्याच्या दुकानात हनुवटी टेकवायला असते तशी एक चौकट, कपाळाला पट्टी आणि समोर वीतभर अंतरावर सेन्सर. एका बारीक नळीतून दातावर हवेची फुंकर यायची, दात डुलायचा आणि लाल ठिपका ते डुलणं टिपायचा. किती डुलला, किती वेळात स्थिर झाला. पडद्यावर एक लाट उमटायची आणि लाटेखाली आकडा.

आकडा वाचायला सोपा होता. निरोगी दात म्हणजे एक. तुमचा दात त्याच्या जवळपास असला तर हिरवी चिठ्ठी. दीडच्या वर गेला तर पिवळी, दोनच्या वर लाल. आणि अर्ध्याच्याही खाली गेला तर निळी, कारण अजिबात न डुलणारा दातही चांगला नाही, तो थेट हाडाला चिकटलेला असू शकतो.

यंत्र दवाखान्यात गेलं आणि पहिल्याच आठवड्यात लोकप्रिय झालं. लोक दातांच्या दवाखान्यात येताना जीव मुठीत धरून येतात. इथे कुणी तोंडात हात घालत नव्हतं, लोखंडी काही खणखणत नव्हतं. एक फुंकर, एक ठिपका आणि हातात चिठ्ठी. त्यातून चिठ्ठी बहुतेकदा हिरवी. लोक येताना रडवेले आणि जाताना हसरे. विभागप्रमुख तर हवेतच होते. "लोकांना बोट नको आहे, आकडा हवा आहे," असं ते सगळ्यांना सांगायचे. महिनाभरात त्यांनी फर्मान काढलं की यंत्राचा आकडा आणि डॉक्टरचा आकडा जुळला नाही, तर यंत्राचा धरावा.

आणि ते जुळत नव्हतेच.

डॉक्टरीणबाई दात हलवून म्हणायची दोन, यंत्र म्हणायचं एक पूर्णांक एक दशांश, उत्तम. तिच्या डोळ्यांनी दिसायचं की हिरडी लाल आहे, सुजली आहे, दात लांबुडका दिसतोय, आणि पेशंट हिरवी चिठ्ठी खिशात घालून जिना उतरायचा. उलट, कॉलेजातली बावीस-तेवीस वर्षांची पोरं गंमत म्हणून हनुवटी टेकवायची, तर ओळीने निळ्या चिठ्ठ्या. आठ जणांना तातडीने एक्स-रे काढायला पाठवलं. एक्स-रेमध्ये सगळ्यांचे दात पुस्तकातल्या चित्रासारखे.

तिने हे भावाला सांगितलं. मी तेव्हा तिथेच मटार सोलत बसले होते.

"एक्स-रे म्हणजे सावली," मायक्रॉन म्हणाले. "सावलीवरून मायक्रॉन कळत नाहीत."

"आणि माझं बोट?"

"तुझं बोट पन्नाशीला आलंय. बोटाचीही झीज होते. वाईट वाटून घेऊ नकोस."

तिने वाईट वाटून घेतलं. त्यानंतर ती आमच्याकडे यायची आणि मध्येच स्वतःच्या उजव्या हाताच्या तर्जनीकडे बघायची. एकदा मला म्हणाली, "वहिनी, बावीस वर्षांत मी किती लोकांना उगाच घाबरवलं असेल गं?" मी तिला चहा केला.

विभागप्रमुखांना मात्र निळ्या चिठ्ठ्यांमध्ये घबाड सापडलं. तरुण पिढी मऊ खाते, चावत नाही, त्यामुळे तिचे दात हाडाला चिकटू लागले आहेत, असा त्यांनी सिद्धांत मांडला आणि त्यावर लेख लिहायला घेतला. पोरांनी कडक काहीतरी चावावं म्हणून कॉलेजच्या कँटीनमध्ये ताज्या पावाऐवजी आदल्या दिवशीचा पाव द्यायला लावला. पोरं बिचारी चावत बसली.

मग क्लॅरिनेटवाल्यांचा प्रसंग घडला.

बागेत संध्याकाळी बँड वाजतो, त्यात हे गृहस्थ क्लॅरिनेट वाजवत. वय साठीच्या आसपास, मिशी कोरलेली, बोलणं हळू. क्लॅरिनेट वाजवताना वरचे पुढचे दात तोंडपट्टीवर टेकतात, सगळा आधार त्या दोन दातांवर. त्यातला एक हलतोय असं वाटलं म्हणून ते आले. डॉक्टरीणबाईने दांड्यांमध्ये धरून बघितला. तिचं बोट स्वच्छ सांगत होतं, दोन, आणि लवकरच तीन. तिने कागदावर लिहिलं की हे दोन्ही दात शेजारच्या दातांना तारेने बांधून घ्यावेत, हिरड्यांचे उपचार सुरू करावेत, आणि तोवर वाजवणं बंद. क्लॅरिनेटवाल्यांचा चेहरा पडला. मग त्यांना यंत्रापुढे बसवलं. एक पूर्णांक दोन दशांश. हिरवी. विभागप्रमुखांनी तिच्या लिहिलेल्यावर एक तिरकी रेघ मारली आणि पेशंटच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "खुशाल वाजवा."

ती गप्प बसली. हे तिने नंतर मला चार वेळा सांगितलं, की मी गप्प बसले.

अकरा दिवसांनी, बागेत, भर कार्यक्रमात, शेवटच्या उंच सुरावर दात निघाला. सूर असा काही चमत्कारिक वर गेला की लोकांना वाटलं ही कलाकारी आहे, आणि टाळ्या पडल्या. क्लॅरिनेटवाल्यांनी तोंड मिटून वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात आले. एका छोट्या डबीत कापसावर दात ठेवलेला, आणि त्याबरोबर घडी केलेली हिरवी चिठ्ठी. ओरडले नाहीत, भांडले नाहीत. दोन्ही गोष्टी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, "डॉक्टर, दात गेला त्याचं जाऊ द्या. पण हा कागद म्हणतो की तो घट्ट आहे. मी कुणाचं खरं मानू?"

डॉक्टरीणबाई आतल्या खोलीत जाऊन रडली. मग चेहरा धुऊन बाहेर आली आणि त्यांचे बाकीचे दात बांधायला घेतले, कुणालाही न विचारता.

मायक्रॉनना हे कळलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण बोलले नाहीत, आणि यांच्या बाबतीत ते जास्त गंभीर. यंत्र घरी आणता येत नव्हतं म्हणून वह्या घरी आणल्या. बेरजा तपासल्या, तारा तपासल्या, नळीतली हवा तपासली. सगळं बिनचूक. "यंत्रात दोष नाही," ते तिसऱ्या दिवशी म्हणाले. "एकच यंत्र आहे, आणि ते रोज तेच सांगतंय."

आता माझं सांगते. मी एका छापखान्यात प्रुफं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. कॉलेजचा वार्षिक अंक आमच्याकडे छापायला असतो, आणि त्या वर्षीच्या अंकात पहिलाच लेख विभागप्रमुखांचा होता, तरुण पिढीच्या चिकटलेल्या दातांवरचा. एका मंगळवारी तो माझ्या टेबलावर आला. मी लाल पेन घेऊन ओळीखाली पट्टी सरकवत वाचत होते. प्रुफं तपासणाऱ्या माणसाने अर्थ वाचायचा नसतो, अक्षरं वाचायची असतात. अर्थात शिरलं की चुका निसटतात. मी सहाव्या पानापर्यंत अक्षरंच वाचत होते.

सहाव्या पानावर यंत्राची माहिती होती. निरोगी दात म्हणजे एक, हा एक कुठून आणला, ते तिथे लिहिलं होतं. "प्रमाण म्हणून निरोगी व्यक्ती क्रमांक एक यांच्या चारशे बारा मोजण्या घेतल्या. पुरुष, वय चोपन्न, धूम्रपान नाही, दातांची कोणतीही तक्रार नाही. खालच्या ओळीतील पुढचा डावा दात किंचित तिरपा. मोजण्या कामाच्या प्रत्येक दिवशी दुपारी सव्वा ते पावणेदोन या वेळेत घेतल्या."

माझी पट्टी तिथेच थांबली.

खालच्या ओळीतला पुढचा डावा दात किंचित तिरपा. त्या दाताकडे बघत मी सव्वीस वर्षं संसार केला आहे. आणि सव्वा ते पावणेदोन ही यांची जेवणाची सुट्टी. मी रोज दिलेला डबा पाच महिने अर्धा परत येत होता, त्याचं कारणही मला सहाव्या पानावर सापडलं.

यात चूक एकही नव्हती. वेलांट्या बरोबर, उकार बरोबर, विरामचिन्हं जागच्या जागी. फक्त "निरोगी" हा शब्द चुकलेला होता. कारण हा निरोगी माणूस चार वर्षं सफरचंद सुरीने कापून, तेही पातळ फोडी करून, फक्त उजव्या बाजूने चावतो, हे त्याच्या बायकोला माहीत होतं. दात घासल्यावर बेसिनमध्ये फिकट गुलाबी पाणी दिसतं, हेही. आणि बहीण हिरड्यांची डॉक्टर असून तिला याने आजवर एकदाही तोंड उघडून दाखवलेलं नाही, हे तर सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं.

मी "निरोगी"खाली लाल रेघ ओढली, समासात प्रश्नचिन्ह केलं आणि नणंदेला फोन लावला.

"रविवारी सकाळी ये," म्हटलं. "येताना तुझ्या त्या दोन दांड्या घेऊन ये."

रविवारी ती आली. हे पेपर वाचत बसले होते. मी यांच्यासमोर बशीत एक अख्खं सफरचंद ठेवलं. यांनी पेपर बाजूला केला, सफरचंदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सुरी?"

"चावून खा की."

"मला कापून आवडतं."

"कधीपासून?" डॉक्टरीणबाईने विचारलं. आवाज इतका साधा की मलाच भीती वाटली.

यांनी पुन्हा पेपर उचलला. मी प्रुफाचं सहावं पान बशीशेजारी ठेवलं. तिने ते वाचलं, एकदा, मग पुन्हा. मग म्हणाली, "दादा, निरोगी व्यक्ती क्रमांक एक कोण?"

"एक स्वयंसेवक," हे म्हणाले.

"त्याचे दात कुणी तपासले होते?"

"त्याला काही त्रास नव्हता. कधीच दुखलं नाही."

"हिरड्यांचा आजार दुखत नाही, दादा! दुखत नाही म्हणून तर माणसं माझ्याकडे दात हातात घेऊन येतात! आ कर."

"हात लावू नकोस."

"आ कर."

"तू मला यंत्रावर मोज. मी हवं तर आत्ता दवाखान्यात येतो."

"यंत्रावर तू एकच येणार!" ती ओरडली. "यंत्राला तूच सांगितलंयस की तू म्हणजे एक!"

हे खुर्चीत मागे सरकले. चोपन्न वर्षांचा माणूस, पण दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा घट्ट धरलेल्या. मी हसणार होते, ते हसू तसंच राहिलं. डॉक्टरीणबाईने दांड्या टेबलावर ठेवल्या, खुर्ची ओढून यांच्यासमोर बसली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला.

"दादा, मला आठवतंय. तू नऊ वर्षांचा होतास. बाबांनी खांदे धरले होते, काकांनी पाय, आणि त्या डॉक्टरने भूल चढायच्या आत पकड घातली. मी दारात उभी होते. तू ओरडलास ते अजून माझ्या कानात आहे. मी ही डॉक्टरकी घेतली तीच मुळी असं कुणाच्या बाबतीत होऊ नये म्हणून. मी धरणार नाही. कुणी धरणार नाही. थांब म्हणालास की थांबेन."

मग यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

तिने तो तिरपा दात दोन दांड्यांमध्ये अलगद धरला आणि ढकलला. मी चार फुटांवर होते, तरी मला तो हललेला दिसला.

"किती?" यांनी डोळे न उघडता विचारलं.

"दोन," ती म्हणाली. "दीड नाही. दोन."

मला वाटलं हे घाबरतील, नाहीतर चिडतील. पण यांचं काहीतरी वेगळंच चाललं होतं. यांनी डोळे उघडले आणि पुटपुटले, "म्हणजे यंत्र सरकत नव्हतं." मग उठले, चप्पल घातली आणि रविवारी सकाळी दहा वाजता कारखान्यात निघून गेले. सफरचंद तिथेच राहिलं. ते आम्ही दोघींनी खाल्लं.

दुपारी परत आले तेव्हा हातात एक आलेख होता आणि चेहरा उतरलेला. जेवणाच्या टेबलावर तो पसरून यांनी आम्हाला समजावलं. पाच महिन्यांत यांच्या दाताचा आकडा हळूहळू वाढत गेला होता. पहिल्या महिन्यात थोडा, दुसऱ्यात अजून थोडा. यांना वाटलं की यंत्र सरकतंय. निरोगी दात कसा वाढेल, म्हणून दर महिन्याच्या शेवटी यांनी यंत्राचा आकडा ओढून पुन्हा एकवर आणला.

"ते रोज मला खरं सांगत होतं," हे म्हणाले, "आणि मी दर महिन्याला त्याची दुरुस्ती करत होतो."

एवढं बोलून यांनी तोंडावर हात ठेवला. सव्वीस वर्षांत मी यांना स्वतःच्या मोजमापाची लाज वाटताना पाहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाईने खुशाल हसावं असा तो क्षण होता, तिने तो इतके दिवस सोसून कमावला होता. पण ती हसली नाही. तिने आलेख आपल्याकडे ओढला आणि म्हणाली, "क्लॅरिनेटवाल्यांना कोण सांगणार?"

"मी," हे म्हणाले, आणि सोमवारी खरंच गेले. बागेतल्या बाकावर बसून त्या गृहस्थांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझा दात अगदी तुमच्या दातासारखा होता?" हे हो म्हणाले. "मग तुम्ही लवकर बघून घ्या," ते म्हणाले. "पुढचा कार्यक्रम तुमचा व्हायचा." इतकंच. पण यांना ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

विभागप्रमुखांना पत्र गेलं. त्यांनी ते वाचलं, पाणी प्यायले आणि पहिला प्रश्न विचारला की लेखाचं नुसतं शीर्षक बदलून भागेल का. भागणार नव्हतं. एकशे त्रेसष्ट पेशंटना परत बोलवावं लागलं. हे काम सोपं असेल असं आम्हाला वाटलं होतं. लोक हिरवी चिठ्ठी परत द्यायलाच तयार होईनात. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी ती काचेखाली ठेवली होती. ते फोनवर म्हणाले, "तुम्हीच आधी चांगलं म्हणालात, आता वाईट म्हणता. मी आधीचं धरतो." एका बाईंनी चिठ्ठी दिली, पण त्याऐवजी दुसरी हिरवीच हवी म्हणून हटून बसल्या. निळी चिठ्ठी मिळालेली पोरं तेवढी आनंदाने आली. त्यांना शिळ्या पावातून सुटका हवी होती.

डॉक्टरीणबाईने एकेकाला खुर्चीत बसवलं, एकेकाला समजावलं. तीन आठवडे ती रोज दोन तास जास्त थांबायची. चौतीस जण शेवटपर्यंत आले नाहीत. त्यांची यादी तिच्या टेबलाच्या खणात आहे आणि ती अजून अधूनमधून फोन लावते.

मायक्रॉन खुर्चीत बसले तो दिवस मी विसरणार नाही. कारण मला सोबत नेलं होतं आणि माझा हात इतका आवळला होता की अंगठी बोटात रुतली. एक्स-रेमध्ये खालच्या पुढच्या दातांचं हाड निम्मं झिजलेलं निघालं. तो तिरपा दात काही वाचला नाही. बाकीचे वाचले. चार वेळा जावं लागलं, हिरडीच्या आतून सगळं खरवडून साफ झालं, आणि डॉक्टरीणबाई प्रत्येक वेळी आधी विचारायची, "आता हात लावू?" आणि हे मान हलवेपर्यंत थांबायची.

यंत्रही सुधारलं. या खेपेला निरोगी म्हणजे कोण, ते आधी डॉक्टरांनी हाताने तपासून, एक्स-रे काढून ठरवलं, आणि अशा साठ जणांवरून एक ठरला. पोरं हिरवी झाली. मग मात्र यंत्राने आपली करामत दाखवली. दोन बायकांच्या दातांना डॉक्टरीणबाईने शून्य दिला होता, यंत्राने पिवळी चिठ्ठी दिली, आणि एक्स-रेमध्ये हाडाची झीज नुकती सुरू झालेली दिसली. तिचं बोट तिथे पोचलं नव्हतं. तिने ते भावाला स्वतः फोन करून सांगितलं. हे बढाई मारतील म्हणून मी कान टवकारून बसले होते. यांनी एवढंच विचारलं, "त्या बायकांचं पुढे काय केलंस?"

वार्षिक अंक दोन महिने उशिरा निघाला. विभागप्रमुखांचा लेख त्यात होताच, कारण लेखाशिवाय अंक निघाला असं आजवर झालेलं नाही. चिकटलेल्या दातांचा सिद्धांत जाऊन त्याजागी नवा विषय आला होता. हिरड्यांचा आजार वाढत जाताना एकाच दाताच्या रोजच्या रोज घेतलेल्या चारशे बारा मोजण्या म्हणे कुणी पाहिल्याच नव्हत्या. माणसं आजारी पडल्यावर येतात. आजारी पडत असताना रोज दुपारी अर्धा तास हनुवटी टेकवून कोण बसतो? मी प्रुफं तपासली. "निरोगी व्यक्ती क्रमांक एक" सगळीकडे खोडून "रुग्ण क्रमांक एक" केलं. एका ठिकाणी जुना शब्द राहून गेला होता, तो शेवटच्या वाचनात सापडला.

लेख कॉलेजच्या सभागृहात वाचून दाखवला गेला. बाहेरून आलेले एक प्राध्यापक उठून म्हणाले, की असा शिस्तीचा, सहनशील रुग्ण मिळायला भाग्य लागतं. विभागप्रमुख नम्रपणे हसले आणि म्हणाले, रुग्णाची नाव न सांगण्याची इच्छा आहे. टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी बसलेल्या रुग्णाने तोंड घट्ट मिटून टाळ्या वाजवल्या. नवा दात अजून बसवायचा होता.

घरी चालत येताना चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा यांनी विचारलं, "माझ्या दातांचं तुला आधीपासून कळलं होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, नुसतं बघणं म्हणजे मोजणं नव्हे."

सिग्नल हिरवा झाला. लोक आमच्या बाजूने पुढे गेले. हे तिथेच उभे, कपाळाला आठ्या घालून.

"एकदा सांगितलंस," यांनी विचारलं, "की दोनदा?"